पान बांधल्यावर

मेल्डाचं डोकं खड्ड्यात होतं, उजवा हात खांद्यापर्यंत गरम वाळूत घुसला होता आणि दोन्ही तळपाय आभाळाकडे होते. नेमकी तेव्हाच चर्चची घंटा वाजली.

"आत्ता?" ती खड्ड्यातच ओरडली. उत्तर म्हणून तोंडात मूठभर वाळू आली.

घंटा संध्याकाळी व्हायची होती. फादर नोएलनी रविवारी तसं सांगितलं होतं. मंगळवारी दिवसभर ज्याला जेवढं उकरायचं तेवढं उकरा, संध्याकाळी कुंपणाला पान बांधू, प्रार्थना करू, आणि मग उपवासकाळ सरून ईस्टर होईपर्यंत वाळूवर माणसाचं पाऊल नको. गावाच्या जन्मात वाळू कधी बंद झाली नव्हती. पण गावाच्या जन्मात वाळूकोंबड्याही कधी इतक्या कमी झाल्या नव्हत्या. मेल्डा लहान होती तेव्हा पहाटे डोंगरातून काळा घोळका उतरायचा, तो मोजायची कुणाची छाती नव्हती. आता शेजारच्या पट्ट्यातली लोसी म्हातारी एका डोळ्यानंसुद्धा मोजायची, आणि दुसरा डोळा तिला नव्हताच.

डोंगर बारा महिने धुमसायचा आणि त्याच्या पायथ्याची वाळू बारा महिने ऊन असायची. पक्षी कोंबडीएवढा, पण पाय असे की कोंबडीनं उसने मागावेत. पहाटे यायचा, माणसाच्या हाताएवढं खोल उकरायचा, अंडं पुरायचा आणि चालता व्हायचा. बसणं नाही, उबवणं नाही, पिल्लाचं तोंड बघणं नाही. "पुढचं देवाकडे," लोसी म्हणायची. "ही देवाची चूल आहे, बायांनो. आपण आपल्या झाकण उघडून बघणाऱ्या. रोज झाकण उघडलं तर शिजेल का काही?"

राजधानीच्या, होनियाराच्या बाजारात जाणाऱ्या होड्या वाढल्या तशी झाकणं फारच उघडायला लागली होती. म्हणून हे पान.

मेल्डा खड्ड्यातून बाहेर आली. केसांत वाळू, कानांत वाळू, भुवयांवर वाळू. टोपलीत अठ्ठावीस अंडी होती. तिच्या आईनं, व्हेरोलिननं, मुलगी असताना एका दिवसात एकतीस काढली होती, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण व्हेरोलिन ते सांगायची. मेल्डा पंधरा वर्षांची होती. तिला बत्तीस हवी होती. म्हणून तिनं सकाळपासून एक खड्डा भरून मग दुसरा उकरायची रीत बाजूला ठेवली होती आणि चार खड्डे एकदम उघडे टाकले होते. अमक्यात हात घाल, तमक्यात हात घाल. चौथ्याच्या तळाशी आता तिच्या बोटांना दोन अंडी लागली होती. उरलेलीही तिथंच असणार! फक्त थोडी उकरणी, अर्धी करवंटी वाळू इकडची तिकडे...

"मेल्डा!" कुंपणापलीकडून कॅस्परमामा ओरडला. "सगळं गाव जमलंय! फादरना भरती असेतो होडी धरायचीय, पलीकडच्या गावात कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. ये लवकर! पान बांधायला पट्ट्याची मुलगी लागते, मी बांधून चालत नाही."

बेटावर जमीन आईकडून मुलीकडे जायची. पट्टा व्हेरोलिनचा, तिच्या आधी तिच्या आईचा, पुढं मेल्डाचा. पण सभेत जमिनीच्या वतीनं बोलायचं मामानं. बोलण्यात कॅस्परमामाचा हात कुणी धरला नसता. उकरण्यात त्याचा हात कुणी पाहिला नव्हता. सभेत त्यानं आधी पान नको म्हणून तासभर भाषण केलं होतं, आणि सगळं गाव पान हवं म्हणतंय हे दिसल्यावर पान हवं म्हणून दुसरं, पहिल्यापेक्षा लांब. शेवटी छातीवर हात मारून म्हणाला होता, "आमच्या पट्ट्याची हमी माझी. काही उणं निघालं तर मला विचारा!"

मेल्डानं टोपली उचलली आणि पळाली. प्रार्थना झाली की येऊन भरू, हे मनातल्या मनात ठरवूनच पळाली.

फादर नोएल उघड्या पायांनी कुंपणाशी उभे होते. झग्याचा काठ ओला झाला होता आणि नजर होडीकडे होती. तरी प्रार्थना त्यांनी घाईत उरकली नाही. प्रभू, तूही सहा दिवस काम करून हात आवरलेस. आम्हाला हात आवरायला शिकव, म्हणाले. ही वाळू तू तापवलीस, हा पक्षी तू धाडलास, आम्ही या घरात पाहुणे आहोत. पाहुण्यानं मडकं खरवडू नये. मग एकेक पट्ट्याची मुलगी पुढं झाली आणि तिनं सायकॅडचं, त्या ताडासारख्या झाडाचं, लांब पान आपल्या कुंपणाच्या खुंटाला बांधलं. मेल्डानं दुहेरी गाठ मारली, वर जरा जोरात ओढूनही पाहिली.

"आमेन," सगळे म्हणाले.

तिच्याही तोंडून ते गेलं, आणि 'मेन' म्हणताना तिच्या पोटात खड्डा पडला. एक नाही, चार.

पान बांधल्यावर आत कुणी जायचं नसतं. चोरायला नाही, बघायला नाही, विसरलेली करवंटी आणायला नाही. गेलं तर ते गावावर येतं.

*

बुधवारी उपवासकाळ सुरू झाला. फादर गावात नव्हते, म्हणून चर्चच्या प्रचारकानं सगळ्यांच्या कपाळाला राख लावली. मेल्डा राख लावून घरी आली आणि दारातच बसली.

"अठ्ठावीस," आई चुलीवर रताळी ठेवत म्हणाली. "वाईट नाही. माझी एकतीस होती."

"माहीत आहे गं, आई."

"काय झालं? राख जड झाली का?"

मेल्डानं सांगितलं. व्हेरोलिननं रताळी खाली ठेवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी पुसत राहिली.

"पश्चिम टोकाचा पट्टा आठवतो ना?"

आठवायला कशाला हवा, तो सगळ्यांना दिसायचा. मोठ्या वादळाच्या वर्षी त्या घरानं खड्डे उघडे टाकले होते. पाऊस आत शिरला, वाळू गार पडली, घट्ट झाली. पक्षी यायचे, पायानं चाचपायचे, पुढं जायचे. आता तिथं वेल माजला होता आणि त्या घरातल्या मुली होनियारात दुकानात झाडू मारायच्या.

कॅस्परमामा नारळ सोलत होता. सोलायचा थांबला.

"गप्प बसायचं," तो म्हणाला. "वाळूच ती. आपोआप ढासळते, भरते."

"वरची कोरडी वाळू आत पडते, मामा. ती गार असते. खाली काळी, ऊन वाळू जावी लागते आधी, मग वरची. तू कधी उकरलंस?"

"मग मी जातो दुपारी, सगळे झोपले की. पाच मिनिटांचं काम. चोरी थोडीच आहे? चोरीच्या उलटं आहे! काढायला नाही, घालायला जातोय."

"जा की," व्हेरोलिन म्हणाली. "हात कोण बघणार आहे? पावलं बघतील. आत जाणारी आणि बाहेर येणारी. काढायला गेलेल्याची पावलं वेगळी आणि घालायला गेलेल्याची वेगळी, असं वाळू काही सांगत नाही."

मामा परत नारळाकडे वळला. "सभेत मी हमी दिलीय," तो हळू म्हणाला. "छातीवर हात मारून."

"हात जोरात मारला होतास," आई म्हणाली. "आवाज माझ्यापर्यंत आला होता."

*

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मेल्डा रोज उजाडायच्या आधी कुंपणाबाहेर जाऊन बसायची. पक्षी यायचे. अगदी पहाटेच्या करड्या उजेडात, एकमेकांवर खेकसत, मोठ्या पायांनी मागं वाळू उडवत. लोसीच्या पट्ट्यात पाच, पलीकडे सात. मेल्डाच्या पट्ट्याच्या कडेला एक मादी आली, मान वाकडी करून खड्ड्यात डोकावली, एक पाय उचलून तसाच धरला. मेल्डा श्वास रोखून बसली. पाय खाली आला तो लोसीच्या बाजूला.

"तुझ्या पट्ट्याला काय झालं गं?" लोसीनं विचारलं. तीही रोज यायची. कुंपणाबाहेरून बघायला बंदी नव्हती.

"काही नाही, आजी."

"काही नाही म्हणतेस आणि तीन दिवस उपाशी माणसासारखी बघतेस." लोसीचा एक डोळा बारीक झाला. "मला एकच आहे, पण मी त्यानं खड्डे बघते."

मेल्डाच्या कानशिलांतून ऊन वाफ गेली. म्हातारीला कळलं होतं! तिनं गावभर केलं नव्हतं, पण कळलं होतं.

"सांगणार आहेस का तू, आजी?"

"मी कशाला सांगू? पट्टा तुझा, तोंड तुझं."

शनिवारी दुपारी समुद्रावर निळंकाळं भरून आलं. वारा फिरला म्हणून पाऊस पलीकडच्या बेटावर गेला. परत फिरायला त्याला दोनतीन दिवस लागणार, एवढंच. मेल्डा घरी आली, अंगणात उभी राहिली आणि तिला एकदम कळलं की आपल्याला शरमेची भीती वाटत नाहीये. शरम म्हणजे काय, तोंड लाल होईल, पोरी हसतील, सोमवारी शाळेच्या होडीत वर्गातली प्रिमा नाटक करून दाखवेल. नाटक तर मेल्डा स्वतः त्याहून झकास करून दाखवू शकली असती. भीती त्या उचललेल्या पायाची होती. तो पाय परत आपल्या वाळूवर पडला नाही तर?

"मामा," ती म्हणाली, "उद्या मी चर्चमध्ये उभी राहणार."

"माझी मान खाली जाईल, पोरी."

"थोडा वेळच जाईल. मग वर घे."

*

रविवारी फादर नोएल परतले होते. पलीकडच्या गावचा माणूस मेला नव्हता. फादर आले हे बघून उठून बसला होता आणि चहा मागत होता. त्यामुळे गाव खुशीत होतं. विनंत्यांची वेळ आली. एकानं लेकाच्या परीक्षेसाठी मागितलं, एकीनं पाठदुखीसाठी. मग मेल्डा उभी राहिली. पांढरा झगा, कडक इस्त्री, आवाज सगळ्यात मागच्या बाकापर्यंत.

"मी पान बांधलं तेव्हा माझे चार खड्डे उघडे होते. मला आईचा आकडा मोडायचा होता म्हणून मी भरले नाहीत. तेव्हा मामाला माहीत नव्हतं. एका खड्ड्यात दोन अंडी उघडी पडलीत. मला आत जाऊन सगळं भरायचंय. त्यापुरतं पान सोडाल का, हे विचारतेय."

आधी कुजबुज झाली, मग मागून एक जाडा आवाज: "वा! छान निमित्त आहे. आत गेली की झग्यात लपवून आणेल."

"झग्याला खिसाच नाही," मेल्डा वळून म्हणाली.

बाया हसल्या. कॅस्परमामानं मान खाली घातली होती ती आणखी खाली गेली.

"आज एकीसाठी सोडलं तर उद्या सगळे विसरतील," दुसरा कुणी म्हणाला. तेही खरं होतं.

"मग सगळे चला," ती म्हणाली. "कुंपणाशी उभे राहा. डोळे सगळ्यांचे, हात माझे."

फादर नोएलनी चष्मा काढून पुसला. ते विचारात पडले की असंच करायचे. "ही गाठ मी एकट्यानं मारली नव्हती," ते म्हणाले, "सगळ्या गावानं आमेन म्हटलं होतं. सोडायची तर सगळ्यांनी सोडावी. लोसी, तुमचा पट्टा शेजारी. मेल्डाचा पक्षी आता तुमच्याकडे येत असणार, तुम्हाला तर लाभच आहे. तुम्ही बोला."

लोसी काठीवर जोर देऊन उठली. "पक्षी माझा नाही आणि हिचाही नाही. आपण त्याच्या जिवावर जगतो. त्याची वाळू गार पडली तर तो काय माझी बाजू-तिची बाजू बघत बसणार आहे? डोंगर ओलांडून जाईल." तिनं काठी आपटली. "जाऊ दे पोरीला. पण टोपली नाही, करवंटी नाही. नुसते हात. आणि आत्ता. पाऊस आपली वाट बघायचा नाही."

*

असं ते वऱ्हाड निघालं. रविवारचे कपडे, डोक्यावर छत्र्या, कडेवर पोरं, पुढं फादर. फादरनी पान सोडायला घेतलं. मेल्डानं मारलेली दुहेरी गाठ सुटेना, तेव्हा दातांनी सोडली आणि सगळ्यांनी परत एकदा आमेन म्हटलं.

मेल्डा आत गेली. पाच दिवसांत वाळूवर तिच्या जुन्या पावलांशिवाय काही नव्हतं. पक्ष्यांचं एकही पाऊल नाही. ते बघून ती तिथंच गुडघ्यांवर बसली. पहिले दोन खड्डे तिनं भरले: कडेची कोरडी वाळू बाजूला सारून, खालची काळी उकरून, ओंजळी-ओंजळीनं तळाशी घालून, वर कोरडी. बघणाऱ्यांत ज्यांना कळत होतं ते मान डोलवत होते. तिसरा भरताना झग्याचा काठ फाटला आणि प्रिमा खिदळली. मेल्डानं तिला जीभ दाखवली, फादरसमोर.

चौथा सगळ्यात खोल. तळाशी दोन अंडी उघडी होती. तपकिरी गुलाबी, तिच्या मुठीत न मावणारी. कडा ढासळून ती अर्धी झाकली गेली होती, पण गार वाळूनं. ती काढून, खाली ऊन थर करून, परत ठेवायला हवी होती. आणि ठेवताना जी बाजू वर तीच वर, नाहीतर आतलं पिल्लू उलटं होऊन मरतं. मेल्डानं डोकं आत घातलं, मग खांदे, मग कंबर. पाय वर. कुणीतरी मोठ्यानं हसलं.

एवढ्या खोल खड्ड्यात एकटं उतरायचं नसतं. एकानं उकरायचं, दुसऱ्यानं घोटे धरायचे. वाळूचा भरवसा नसतो. मंगळवारी घाईत तिनं तेही केलं नव्हतं. आत ती एका हातानं अंडं तोलून दुसऱ्या हातानं तळ उकरत होती. बोटांना ऊब लागली. खरी, खालून येणारी ऊब! चूल विझली नव्हती. तिनं पहिलं अंडं ठेवलं. दुसरं उचललं, आणि डाव्या बाजूची भिंत सरकल्याचा आवाज तिला कानाशीच आला.

तेवढ्यात कुणीतरी तिचे घोटे धरले. घट्ट, अनाडीपणानं, नखं रुततील असे.

"मी आहे," वरून मामाचा आवाज आला. "ओढू?"

"नको! दुसरं ठेवू दे!"

"भिंत येतेय, पोरी!"

"येऊ दे! धर तू!"

वाळू मानेवर आली, कानांवर आली. तिनं दुसरं अंडं पहिल्याशेजारी टेकवलं, वरची बाजू वर, त्यावर काळ्या वाळूची ओंजळ ओढली आणि पाय झाडले. मामानं ओढलं. ती उपटलेल्या रताळ्यासारखी बाहेर आली आणि दोघंही पाठीवर पडले. मामाचा पांढरा सदरा, जो तो फक्त रविवारी आणि सभेला घालायचा, काखेत उसवला होता. नाकावर वाळू होती. आयुष्यात पहिल्यांदा कॅस्परमामाच्या अंगाला त्या पट्ट्याची वाळू लागली होती.

"आता तरी कळलं ऊन किती असते ते?" कुंपणावरून व्हेरोलिन म्हणाली.

"चटका बसला," मामा म्हणाला, आणि उरलेली वाळू तो स्वतः, गुडघ्यांवर बसून, लोटायला लागला.

"काळी आधी, मामा. काळी आधी!"

"हो गं बाई, काळी आधी."

मग मेल्डानं बाहेर येऊन दोन्ही तळहात गावाला दाखवले. उलटे, सुलटे. रिकामे, लाल. लोसीनं नाकाशी घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "बांध पान."

या वेळी गाठ मामानं ओढून पाहिली. पाऊस सोमवारी आला, दोन दिवस कोसळला. भरलेल्या वाळूवरून पाणी वाहून गेलं. पुढच्या शुक्रवारी शाळेला जायच्या आधी मेल्डा कुंपणाशी गेली तेव्हा एक मादी तिच्या पट्ट्यात उभी होती. पाय उचलून. पाय खाली आला. वाळू उडाली, थेट मेल्डाच्या तोंडावर.

*

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पान सुटलं. गावानं गाणं म्हटलं, नारळाच्या दुधातला कसावा वाटला आणि जो तो आपापल्या पट्ट्यात घुसला. लोसीच्या पट्ट्यातून आरोळ्या यायला लागल्या. एवढी अंडी एका खड्ड्यात किती वर्षांत कुणी पाहिली नव्हती.

मेल्डानं एकच खड्डा घेतला, तोच चौथा. मामा तिचे घोटे धरून बसला होता. आता ते त्याचंच काम झालं होतं आणि सभेत तो त्याबद्दलही बोलायला लागला होता.

"लागलं का?" तो दर दोन ओंजळींनी विचारायचा. "किती आहेत? आईचा आकडा मोडतेस ना आज?"

मेल्डाची बोटं खाली जात होती. ऊब, ऊब, आणखी ऊब. मग बोटांना टरफल लागलं. फुटलेलं. तिनं हात तिथंच थांबवला. टरफलाच्या वर, तिच्या मनगटाशी, वाळू आपली आपण हलत होती. काहीतरी तिरकं, काठाकडे वर खणत होतं, थांबत होतं, परत खणत होतं, आणि एक अणकुचीदार, ओली नखी तिच्या तळहाताला लागून गेली.

मेल्डानं हात हळूच काढून घेतला आणि ती खड्ड्याबाहेर आली.

"किती?" मामा.

"एकही नाही. गप्प बस."

"एकही नाही? अगं, मग उकर की अजून..."

"मामा, पाय बाजूला घे."

खड्ड्याच्या काठाशी, त्याच्या गुडघ्यापुढची वाळू फुगली, तडकली. आधी एक चोच आली, मग वाळूनं माखलेलं डोकं, मग एक धक्का, दुसरा धक्का, आणि अख्खं पिल्लू बाहेर. त्यानं अंग झटकलं. मेल्डाकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, दोघांत विशेष काही दिसलं नसावं. मग ते मोठाले पाय टाकत मामाच्या दोन टाचांच्या मधून पळालं, कुंपणाखालून गेलं, आणि आई कोण, बाप कोण, कुणालाही न विचारता डोंगराच्या झाडीत शिरलं.

मामा मान वळवून झाडीकडे बघत राहिला.

मेल्डानं खड्डा भरायला घेतला. काळी वाळू आधी, हळूहळू, ओंजळीनं.

"मामा," ती म्हणाली, "आणखी एक यायचंय. जागा सोड."